तांडेलांची वही आणि माझा हातचा

गोविंद तांडेल घरचा कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून, टमटममध्ये मांडीवर घेऊन दुकानात निघाले होते. माऊससुद्धा सोबत. बोटीसाठी प्लॉटर घ्यायचा होता, म्हणजे समुद्राचा नकाशा आणि त्यावर आपली बोट दाखवणारं यंत्र. त्यासाठी हा संसार कशाला, असं मी विचारलं.

"भाऊसाहेब, दोघांना जन्म काढायचाय एकत्र. एकमेकांना बघू तर देत!"

बोटीतलं यंत्र आणि घरातलं नकाशांचं सॉफ्टवेअर यांचं पटलंच पाहिजे, हा तांडेलांचा ध्यास. समुद्रातल्या खुणा घरी भरायच्या, कार्डावर घालून बोटीत न्यायच्या. बोट कुठे फिरली ते कार्डावरून परत घरी आणून पाहायचं. दुकानदाराची ते मुलीच्या बापासारखी उलटतपासणी घेत.

"काका, फाईल उघडते," तो म्हणाला.

"उघडते नको सांगू. नांदते का?"

गुडघे गेल्यापासून बोट त्यांचा मुलगा निलेश चालवतो. बायको जाऊन सहा वर्षं झाली. तांडेलांकडे उरली ती चाळीस वर्षांची वही. आधीच्या पानांवर नुसत्या किनाऱ्याच्या खुणा: महालक्ष्मीचा सुळका थर्मल वीजकेंद्राच्या चिमणीच्या रेषेत आला की जाळं टाकू नये, खाली बुडालेली बार्ज, म्हणजे मालाची सपाट बोट, आहे. पुढे जीपीएस आला, तेव्हा त्याच जागांचे अक्षांश-रेखांशाचे आकडे. शेजारी शेरे: 'इथे पापलेट बरा.' 'इथे खडक.' 'इथे दाजीशी भांडण, पुन्हा येऊ नये.'

ती वही कॉम्प्युटरमध्ये मी भरली. तलासरीच्या तहसील कचेरीत मी तीस वर्षं नकला काढल्या; माझा आकडा चुकत नाही अशी ख्याती होती. रोज चार वाजता मी जायचो, तांडेल वाचायचे, मी टाईप करायचो.

पहिला प्लॉटर बसला आणि आठवड्यात निलेशचं जाळं बार्जवर फाटलं. यंत्र बार्ज अजून दूर दाखवत होतं. "यांचं पटलं नाही," म्हणत तांडेलांनी यंत्र परत केलं. निलेश मात्र म्हणाला, "बाबा, यंत्र चांगलं होतं. तुमची वहीच खोटी आहे."

त्यानंतरच ही कॉम्प्युटर घेऊन केलेली वारी. दुकानदाराने आमच्या खुणा नव्या यंत्रावर उघडल्या आणि हसायला लागला. डहाणूचा धक्का चिकूच्या वाडीत गेला होता.

"तुझा नकाशा चुकलाय," तांडेल त्याच्यावर ओरडले.

मला मात्र तिथेच माझी चूक कळली. वहीत होतं 'अठ्ठावन्न पॉइंट पंच्याहत्तर मिनिटं'. पॉइंटनंतरचा आकडा म्हणजे मिनिटाचे शंभरावे भाग. मी ते सेकंद समजलो होतो. साठाच्या वरचे सेकंद सॉफ्टवेअर घेईना, तेव्हा कारकुनी इमानाने हातचा एक धरून ते पुढच्या मिनिटात बसवले होते. कितीतरी खुणा अर्धा-अर्धा किलोमीटर सरकल्या होत्या.

मी बोललो नाही. आठ दिवस बोललो नाही. तीस वर्षांची ख्याती तोंडावर हात ठेवून बसली होती.

मग एका दुपारी तांडेल म्हणाले, "नारळी पौर्णिमेला नारळाबरोबर वही पण सोडतो समुद्रात. पोरगा म्हणतो ते खरं असेल. मला आठवतंय ते सगळंच चुकीचं असेल."

हे ऐकून मला राहवेना.

"तांडेल, वही खरी आहे. चूक माझी आहे." आणि हातच्यासकट सगळं सांगितलं.

"कचेरीतला माणूस चुकतो?"

"चुकतो. आणि आठ दिवस लपवतोही."

तांडेल गुडघ्यांवर हात टेकत उठले, दारात गेले आणि ओरडले, "निलेश! वही बरोबर होती रे! भाऊसाहेबांनी शेण खाल्लं!"

अख्खी आळी वळून बघू लागली. चारचौघांत एवढी शोभा झाली, पण इतकं हलकं मला निवृत्तीच्या दिवशीही वाटलं नव्हतं. समोर जाळं शिवत बसलेला निलेश उठून आला. हात पुसून त्याने वही घेतली, बार्जेचं पान काढलं.

"बाबा, एवढी खूण आज द्या. बाकीच्या सावकाश." मग वही दोन्ही हातांनी त्यांना परत देत म्हणाला, "चुकलं माझं."

तांडेलांनी नाक ओढलं आणि चहा ठेवला. मी बार्जेची खूण भरली, दुकानात चिकूच्या वाडीत दिसलेला धक्का पाण्यावर आणला आणि उत्साहाने म्हणालो, "आता रीत कळली. उरलेल्या खुणा दोन दिवसांत उरकतो!"

"दोन दिवसांत?"

तांडेलांनी गॅस बारीक केला. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "घाई कशाला? रोज दोनच भरू. तुम्ही चारला येता, भाऊसाहेब. मी तीनपासून पायरीवर असतो."

मी कॉम्प्युटर बंद केला. त्या दिवसाच्या दोन झाल्या होत्या.