अवजारांच्या ओळीत कम्प्युटर

मी फक्त बाईक विकायची ठरवली होती. त्यात कुणाच्या बापाचं काय गेलं, असं मी ठणकावून विचारणार होतो. पण बाईक बापानंच घेऊन दिलेली असल्यामुळे ते वाक्य गिळावं लागलं.

बाईक कॉलेजला जायला होती आणि कॉलेज मी दुसऱ्या वर्षाला सोडलं. (काका सगळ्या सारसोळे गावात 'नापास झाला' म्हणून सांगत फिरतो, ते अर्धसत्य आहे. आधी नापास झालो, मग सोडलं.) तिथले सर फळ्यावर चौकोन काढायचे, चौकोनाला बाण काढायचे आणि म्हणायचे, हा कम्प्युटर. स्वतः कधी एक स्क्रू उघडलेला नाही. अशा माणसांसमोर बसून टक्कल पाडून घेण्यापेक्षा मी स्वतःच्या हातानं कम्प्युटर जोडायचं ठरवलं. गेमिंगचा. सुटे भाग आणून. आधी माझा, मग लोकांना जोडून द्यायचे, हाच धंदा. बाईकचे जे येतील तेवढ्यात बसवायचं.

हे घरात जाहीर केलं आणि मोठी माणसं बोलायला लागली. आमच्या घरातल्या मोठ्यांना ज्यातलं काही कळत नाही, त्यावर ते जास्त वेळ बोलतात. ज्यातलं कळतं त्यावर गप्प बसतात, म्हणून घरात कधीच शांतता नसते.

बाबा तुर्भ्याच्या कारखान्यात फिटर. बाईक गेल्यापासून ते माझ्याशी थेट बोलेनासे झाले. मी समोर बसलेला असलो तरी आईला म्हणायचे, "त्याला सांग, मीठ दे." बाळाराम काकाचं उलटं. तो थेट बोलायचा, आणि सगळ्यांदेखत. काकाचा रेती, खडी, विटांचा सप्लाय आहे. एक डंपर, एक जेसीबी, आणि रस्त्याकडेला पत्र्याचं ऑफिस. मी त्या ऑफिसात बसावं अशी त्याची इच्छा होती. काम काहीच नाही. खुर्चीत बसायचं, फोन उचलायचा आणि गाडी कधी येईल असं कुणी विचारलं की खोटं बोलायचं. काका याला लाइफ सेट होणं म्हणतो. मी त्याच्या तोंडावर सांगितलं, की त्यापेक्षा खाडीत उडी मारीन.

नवरात्रात घटापुढे सगळं खानदान जमलं होतं, तेव्हा काकानं याचा बदला घेतला. दसऱ्याला आमच्या अंगणात अवजारांची पूजा असते. ज्याच्यावर घर चालतं ते सगळं धुऊन-पुसून ओळीत मांडतात आणि झेंडूचे हार घालतात. काका म्हणाला, "तुजी ती पेटी दसऱ्याला ओळीत ठेव. सगल्यांसमोर चालली तं मी परत तोंड उघडनार नाय. नाय चालली, तं दुसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन बसायचं."

मी तावातावानं हो म्हटलं. बाबा आईकडे बघून म्हणाले, "त्याला सांग, ओळीत अवजारं ठेवतात. खेळनी नाय."

मग मी खरेदीला लागलो. सगळं नवं घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून सगळ्यात महागडी वस्तू, म्हणजे ग्राफिक्स कार्ड, जुनं घ्यायचं ठरलं. कोपरखैरण्याला आशुतोष नावाच्या एकानं जाहिरात टाकली होती. तो कार्डाबद्दल असा बोलत होता जसं काही मुलीचं स्थळच आलंय. फार वापरलेलं नाही, कधी गरम झालेलं नाही, घरातल्या घरात वाढलेलं आहे. तेवढ्यात आतून त्याची आई पाणी घेऊन आली आणि म्हणाली, "घेऊन जा बाबा, दिवसरात्र त्याच्यावरच असतो." आशुतोषनं डोळे मिटून घेतले. त्या एका वाक्यावर मी भाव पाडला. कुणाच्या तरी आईचा मला झालेला तेवढा एकच उपयोग.

कॅबिनेट सगळ्यात स्वस्तातलं घेतलं, पण रंगीत लाइटच्या पंख्यांचं. (लाइटनं स्पीड वाढतो असं मी आईला सांगितलं. मनातून मलाही तसंच वाटत होतं.) पलंगावर चादर पसरून जोडायला बसलो. प्रोसेसरवर वाटाण्याएवढी पेस्ट लावायची असते. आईनं डोकावून पाहिलं आणि हळहळली, एवढीशीच, लाव की सढळ हातानं, परत आणू. तिनं आयुष्यात कुठल्याही गोष्टीला काहीही कमी लावलेलं नाही. तिला खोलीबाहेर काढावं लागलं.

आणि नवमीच्या आदल्या संध्याकाळी तो चालू झाला. पहिल्या बटणाला. पंखे फिरले, लाल-निळे-हिरवे लाइट लागले, पडद्यावर अक्षरं आली. मी पलंगावर उभा राहून नाचलो. दारात बाबा उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे. पंख्यांकडे एकटक बघत होते, कारखान्यात नवीन मशीन आल्यावर बघत असतील तसे. मग कित्येक महिन्यांनी थेट मला म्हणाले, "ह्याला साफ करायला लागत असंल ना?"

मी पडद्यावरची नजर न काढता म्हटलं, हो, लागतंच, नाहीतर बसतो.

एवढंच. पोटच्या पोराशी सहा महिन्यांनी बोलायला आलेल्या माणसाला मी एवढंच उत्तर दिलं, आणि त्याची शिक्षा मला लगेच सकाळी मिळाली.

नवमीला आमच्याकडे अवजारं धुतात. काकाचा जेसीबी धुवायचा प्रेशर पंप अंगणात लागतो आणि घरातलं लोखंड असलेलं सगळं त्याच्यापुढे जातं. त्या पंपाच्या आवाजानं मला जाग आली. खिडकीतून पाहिलं. बाबांचे पाने, ड्रिल मशीन, आईची मासे कापायची मोरली, जागृतीची स्कूटी (जागृती म्हणजे काकाची मुलगी), सगळं ओळीत निथळत होतं. आणि धुण्याच्या दगडावर माझं कॅबिनेट, बाजूचा पत्रा काढलेला. काका पाइप धरून उभा. बाबा उकिडवे बसून, एका हातात शाम्पूची पुडी घेऊन, टूथब्रशनं ग्राफिक्स कार्डाच्या पंख्याची एकेक पात घासत होते. फेस मदरबोर्डवरून ओघळत होता.

मी चड्डीवरच खाली धावलो.

"बाबा, काय करताय?"

"धुतोय. तूच बोल्लास ना, साफ करायला लागतो. आत लय धूळ व्हती."

"पाण्यानं?"

"मंग काय दुधानं?"

काकानं माहिती पुरवली, की जेसीबी तर रोज धुतो, त्याला काय होतंय. त्यावर मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. आईनं ते ऐकून घटाच्या दिशेनं हात जोडले एवढं सांगतो. अडाणी, रिकामटेकडे, दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायची सवय लागलेले, असं बरंच काही त्यात होतं, आणि त्यातला एकही शब्द मी मागे घेणार नाही. बाबा मात्र टूथब्रश तसाच हातात धरून बसून राहिले. मग हळूच म्हणाले, "ओळीत ठेवायचं तं स्वच्छ नको?"

तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलं. सगळ्या घरात त्यांनी एकट्यानंच माझ्या पेटीला अवजार मानलं होतं. आणि मानल्या मानल्या बुडवलं होतं.

आता चिडायलाही नीट जमेना. मी स्क्रू काढून एकेक भाग सुटा केला. पॉवर सप्लाय तिरपा केला तर नारळ फोडल्यासारखं पाणी आलं. इंटरनेटवर लोकांनी लिहिलं होतं, घाबरू नका, करंट लागायच्या आत पूर्ण वाळवा. जागृतीनं तिचा ड्रायर आणून दिला. तो लावताच घराचा फ्यूज उडाला. मी अंगणात डोक्याला हात लावून बसलो, आणि डोळ्यांपुढे ते पत्र्याचं ऑफिस, त्यातली ती खुर्ची.

आईनं कमरेला पदर खोचला. "टेरेसवर टाक. ऊन काय फुकट गेलंय?"

टेरेसवर आईची मासळी वाळत होती. नवरात्रात आमच्याकडे मासे खात नाहीत, पण वाळवतात. देवीनं खायला मनाई केलीय, वाळवायला नाही, असं आईचं म्हणणं. आणि देवीच्या बाबतीत आमच्या घरात आईचं म्हणणं शेवटचं. दोरीवर बोंबील लटकत होते, खाली जवळा पसरला होता. आईनं जवळा सरकवून जागा केली, जुनी साडी अंथरली, तिच्यावर मदरबोर्ड, रॅम, कार्ड, पंखे, सगळं हारीनं मांडलं, वरून जाळी टाकली आणि काठी घेऊन बसली. ऑक्टोबरचं नवी मुंबईचं ऊन. डांबर मऊ करतं ते.

दिवसभर ती कावळे हाकलत होती, मांजरीला शिव्या घालत होती आणि पापडासारखे भाग उलटत होती. मधूनच विचारायची, ह्याची सुलटी बाजू कंची. मी कधी नव्हे ते नम्रपणे उत्तरं देत होतो. ऊन उतरलं तेव्हा तिनं ग्राफिक्स कार्ड नखानं टिचकी मारून वाजवलं, नाकाला लावलं आणि निकाल दिला: "झाला. कडक झाला."

मी सगळं परत जोडलं. चालू करून बघायचं धाडस मात्र झालं नाही. मेलेलाच असेल तर निदान एक रात्र तरी न कळता जावी.

दसऱ्याला सकाळी अंगण भरलं. डंपर, जेसीबी, पाने, मोरली, स्कूटी, आणि शेवटी टेबलावर माझी पेटी. आईनं सगळ्यांना हळद-कुंकू लावलं. माझ्या कॅबिनेटच्या कपाळावर (त्याला कपाळ आहे हे मला तेव्हा कळलं) दोन बोटं ओढली आणि झेंडूचा हार घातला. पंख्यात जाऊ नये म्हणून मी तो हळूच मागे सरकवला. आरती झाली. काका पुढे येऊन हाताची घडी घालून उभा राहिला. नेरूळच्या आत्या, त्यांची पोरं, भाडेकरू, सगळे माझ्याकडे बघत होते.

मी बटण दाबलं.

काही नाही. पुन्हा दाबलं. लाइट नाही, पंखा नाही, काही नाही. सॉकेट पाहिलं, वायर हलवली, रॅम दाबून पाहिली. काका हसला असता तर बरं झालं असतं. पण तो हसला नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवून मऊ आवाजात म्हणाला, "ऱ्हाऊं दे पोरा. उद्या ये सावकाश, नाश्ता करून."

तेवढ्यात बाबा टेबलामागे गेले. वाकले. खट् असा आवाज आला.

"मागचं बटन मीच बंद केलेलं," ते म्हणाले. "धुताना करंट बसंल म्हनून."

पॉवर सप्लायला मागे स्वतःचं बटण असतं. हे मला माहीत आहे. सगळ्या जगाला माहीत आहे. कम्प्युटर जोडायचा धंदा करायला निघालेल्या माणसाला तर माहीत असायलाच हवं. मी पुढचं बटण दाबलं.

आणि पंखे फिरले. लाल, निळा, हिरवा. पडद्यावर अक्षरं आली, आणि पोरांनी अशी आरोळी ठोकली की स्कूटीवरच्या अक्षता उडाल्या असतील. मी बाबांकडे पाहिलं. ते हार सारखा करत होते, जो सारखाच होता.

मग कार्ड तापलं, पंख्यांनी जोर धरला, आणि पेटीच्या मागून गरम हवेचा झोत बाहेर पडला. सगळ्या अंगणात सुक्या बोंबलांचा वास दरवळला. नऊ दिवस साबुदाणा खाल्लेली माणसं होती ती. आरतीला सुद्धा एवढी शांतता नव्हती. आत्यांनी डोळे मिटून श्वास घेतला. मांजर येऊन टेबलाखाली बसली. काका घोट गिळत म्हणाला, "लय भारी मशीन हाय."

मी गेम लावला. मारामारीचा लावणार होतो, पण काकाला पडद्यावर ट्रकचा गेम दिसला आणि तो खुर्चीत बसला. वीस वर्षं डंपर चालवलेल्या माणसानं पहिल्याच वळणावर सिग्नलचा खांब पाडला, मग दुकान, मग पोलिसाची गाडी. ब्रेक कुठे आहे ते मी दाखवेपर्यंत तो पुलाखाली होता. पण उठायला तयार नव्हता. शेवटी सगळ्यांदेखत मला म्हणाला, "तू जिंकलास. ऑफिसात नको येऊस." नेरूळच्या एका आत्याच्या पार्थनं तिथल्या तिथे सांगितलं, मलापण असाच जोडून दे. माझं पहिलं गिऱ्हाईक. (वास नको, एवढी त्याची एकच अट.) आणि बाबा आईला मध्ये न घेता म्हणाले, "दिपेश, जेवायला चल." त्या दिवशी मी चार वेळा भात घेतला. कुणाच्याही बापाला भीत नव्हतो, माझ्या बापासकट.

दुसऱ्या दिवशी सकाळी खडखडाटानं जाग आली. काका माझ्या खोलीत होता. दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, एकवीरा आईची तसबीर आणि ऑफिसचा फोन घेऊन. तसबिरीसाठी भिंतीत खिळा ठोकून झाला होता.

मी उठून बसलो आणि त्याला त्याच्या शब्दाची आठवण करून दिली. तो कम्प्युटर चालू करत म्हणाला, "मी शब्द मोडलाय का? तुला ऑफिसात यायचं नाय, म्हनून ऑफिसच हिकडं आनला. हितं मशीन चांगली हाय." ट्रक सुरू झाला. मग माझ्याकडे न बघता फोन माझ्या पलंगावर सरकवत म्हणाला, "आनि ती चड्डी बदल. गिऱ्हाइकं येतात."