स्नॅगकाका आणि तिसरं पान

सख्ख्या पुतण्यासाठी मुलगी बघायला गेलेल्या माणसाने मुलीच्या वडिलांच्या हातात पुतण्याच्या दोषांची यादी ठेवल्याचं तुम्ही ऐकलंय? दिगंबर गायधनींनी ठेवली. यादी टाईप केलेली होती आणि प्रत्येक पानाखाली सही होती. ‘घोरतो – किरकोळ. आंघोळीला पाऊण तास – किरकोळ. निर्णय घेताना आईकडे बघतो – गंभीर, लग्नाआधी दुरुस्ती आवश्यक.’ पुतण्याची आई पोह्यांचा घास तोंडात तसाच धरून बसली. मुलीचे वडील इगतपुरीला रेल्वेत होते. त्यांनी यादी दोनदा वाचली आणि म्हणाले, “इतकं खरं आम्हाला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.” लग्न झालं.

“दोष सांगून दिला. आता माझी जबाबदारी संपली,” परत येताना गायधनी म्हणाले. भावजय पुढे वर्षभर त्यांच्याशी बोलली नाही.

विमानाच्या कामात बिघाडाला स्नॅग म्हणतात. दिसला की लिहायचा, लिहिला की खाली सही करायची. गायधनींचं घराणं नाशिकच्या रामकुंडावरच्या उपाध्यायांचं. वाडवडील यजमानांच्या पिढ्या वह्यांत उतरवून ठेवायचे. हे ओझरला विमान कारखान्यात गेले आणि बिघाड उतरवू लागले. आज वय चौऱ्याहत्तर, पण आमटीतही त्यांना स्नॅग सापडतो. सोसायटीतली पोरं त्यांना स्नॅगकाका म्हणतात.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या पाटलांनी फ्लॅट विकायला काढला, तेव्हा घेणारे नवरा-बायको जिना उतरत असताना गायधनी मधल्या पायरीवर उभे राहिले. “बाथरूमची भिंत पावसाळ्यात पाझरते. मागच्या महिन्यात वरून रंग दिलाय. सांगितलं का यांनी?”

पाटील खवळले. “काका, तुमचं काय जातं हो?”

“माझं डोकं जातं! विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला दिसत नसतं. मग सांगायचं कुणी? भिंतीनं?”

सगळी सोसायटी हसली. मीही हसलो. हसण्याचा हक्क सगळ्यांत कमी कुणाला असेल तर तो मला. त्या हसण्याचीच आता चीड येते, म्हणून हे लिहितोय.

मीही ओझरच्याच कारखान्यात होतो; निवृत्त झाल्यावर आम्ही दोघे एका खासगी कंपनीत लागलो. कंपनी जुनी छोटी विमानं घ्यायची, डागडुजी करून विमान चालवायला शिकवणाऱ्या संस्थांना विकायची. गायधनी तपासणी करायचे, मी खरेदी-विक्रीचे करार बनवायचो. आमच्या प्रत्येक करारात माझं एक लाडकं कलम असे: ‘विमान आहे त्या स्थितीत विकले आहे. ताबा दिल्यानंतर कोणत्याही तांत्रिक दोषास विक्रेता जबाबदार नाही.’ गायधनींना त्या कलमाचा भयंकर राग.

“सोनवणे, हे काय लिहिता? उद्या मी जुनी स्कूटर विकली आणि ती बंद पडली, तर माणूस ती रस्त्याच्या कडेला लावेल. हा कुठे लावणार? ढगाला टेकवून?”

“अहो, सगळेच लिहितात.”

“सगळ्यांना सांगा, न दिसणाऱ्या दोषाचं मी समजू शकतो. आपल्याला माहीत असलेला दोष लपवून वर हे कलम लावायचं, याला करार नाही म्हणत. याला लबाडी म्हणतात.”

म्हणून त्यांनी हट्टाने एक पद्धत पाडली. प्रत्येक विमानाची दोषयादी कराराला जोडायची. ते हाताने लिहीत, मी टाईप करी, ते पानापानावर सही करत. दुसऱ्याने आवळलेला नट स्वतः तपासल्याशिवाय पुढे न जाणारा हा माणूस, पण यादीची प्रत त्यांनी माझ्याकडे कधी मागितली नाही. हाताने लिहिलेले कागदही माझ्याच फायलीत राहायचे. “सोनवण्यांकडे आहे ना? मग झालं.”

एका दोन आसनी विमानाची यादी तीन पानांची झाली. तिसऱ्या पानावर एकच नोंद होती: पुढच्या चाकाच्या दांड्याला बारीक तडा, दांडा बदलल्याशिवाय उड्डाण करू नये. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. “हे पान जोडलं तर दांडा आपल्याला बदलून द्यावा लागेल आणि सौदा लांबेल. दोन पानं पुरेत.” मी मान डोलावली. टाचणी काढली, तिसरं पान बाजूला केलं आणि दोन पानं पुन्हा टाचली. यापलीकडे काहीही केलं नाही. इतकं सोपं होतं ते.

चार महिन्यांनी उतरताना तो दांडा मोडला आणि विमान नाकावर उलटलं. आत शिकवणाऱ्या बाई एकट्याच होत्या. जीव वाचला, पण मणक्याला मार बसला. त्या पुन्हा कधी उडाल्या नाहीत. चौकशी लागली. कंपनीने करार पुढे केला: यादीत तड्याचा उल्लेख नाही, म्हणजे तपासणाऱ्याला तो दिसला नाही. गायधनी ओरडून सांगत होते, “तीन पानं होती!” मला विचारलं गेलं. मी म्हणालो, “दोनच होती.”

त्यांचं तपासणीचं लायसन्स रद्द झालं. कंपनी निर्दोष सुटली आणि मला बढती मिळाली.

पुढे कंपनी बंद पडली, साहेबही वारले. मी मात्र रोज सकाळी गायधनींबरोबर फिरायला जात राहिलो. असा मी हलकट माणूस. तिसरं पान माझ्या कपाटात होतं. फाडायची हिंमत झाली नाही, दाखवायचीही नाही.

गेल्या महिन्यात पाटलांच्या त्या फ्लॅटची भिंत खरोखर फुटून पाझरली आणि ‘स्नॅगकाकांची नजर लागली’ म्हणत लोक पुन्हा हसले. काका बरोबर होते, असं एकजणही म्हणाला नाही. मी घरी गेलो, कपाट उघडलं आणि पान घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो. सगळं सांगितलं. ते मला बदडतील, निदान शिव्या तरी घालतील, याची तयारी होती. खरं तर तीच अपेक्षा होती.

त्यांनी चष्मा लावला. ती एक ओळ ओठ हलवत वाचली. मग पुन्हा वाचली. सहीवरून अंगठा फिरवला.

“म्हणजे मी लिहिलं होतं,” ते म्हणाले.

“हो.”

“पहिलं वर्षभर मला खात्री होती. मग वाटायला लागलं, तुम्ही कशाला खोटं बोलाल? माझ्याकडूनच राहिलं असेल. डोळ्यांनी पाहिलं आणि लिहायचं राहिलं. म्हणून मग जे दिसेल ते लिहीत सुटलो, सोनवणे. पुन्हा काही राहायला नको.”

मी पुटपुटलो, “हेच सगळं लिहून विमान खात्याला पाठवतो. उद्याच.”

“ते पाठवा. पण त्याआधी एक काम आहे.”

त्यांनी फोन उचलला आणि नंबर पाठ असल्यासारखा लावला. रिंग वाजताना त्यांनीच सांगितलं की अपघातातल्या त्या बाईंना ते दर दिवाळीला फोन करतात आणि दर वेळी माफी मागतात.

“मॅडम, गायधनी बोलतोय, नाशिकहून. नाही, नाही, तब्येत बरी आहे. एक सांगायचं होतं. मी...” त्यांनी पानावरच्या सहीवर बोट ठेवलं. “मी लिहिलं होतं हो.”

पलीकडून बाई काहीतरी विचारत होत्या. गायधनींनी डोळे पुसले, फोन माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, “आता तुम्ही सांगा.”