पॉलिस्टरची वात

"पेटत्या दिव्याकडं पाठ करायची न्हाय, आन फुंकर तं मारायचीच न्हाय!" एवढं बजावून आक्का देवाघरी गेल्या, पण सुनेच्या, म्हणजे जानकीबाईंच्या, कानातून काही गेल्या नाहीत. बाईंनाही ते पटलेलं होतं. घर दोन खोल्यांचं, शेजारघराशी सामाईक भिंत फळ्यांची. फळ्यांपलीकडे जुबैदा. नाताळच्या सुट्टीत तिच्या मुलीचं, नसीबाचं, लग्न होतं आणि फळ्यांना टेकून नवरीच्या कपड्यांची चळत छतापर्यंत गेली होती. इकडे ठिणगी उडाली तर तिकडे नवरीला अंगावर घालायला चिंधी उरली नसती.

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. घट मांडून, दिवा लावून झाल्यावर जानकीबाईंच्या ध्यानात आलं, नैवेद्याला केळीच नाहीत.

"अवो, नाक्यावर जाऊन येते. दिव्यासमोर बसा जरा."

यंत्रमागावर रात्रपाळी करून आलेले तुळशीराम अंथरुणाकडे निघाले होते. "उपास तुझा, पुण्य तुला, आन ड्युटी माझी?"

"पुण्य अर्धं घ्या," म्हणत बाई पिशवी घेऊन गेल्यासुद्धा.

तुळशीराम बसले. डुलकी आली, गेली. बघतात तर वात संपत आलेली. बायकोचा दिवा आपल्या पाळीत जायला नको, म्हणून त्यांनी सदऱ्याच्या खिशातून लूमवरच्या धाग्याचा गुंता काढला, झकास वळला आणि निरांजनात ठेवला. मालकानं दिवाळीपासून लूमवर पॉलिस्टर चढवलं होतं. रोज रात्री तेच विणूनही, वात वळताना तुळशीरामांच्या बोटांना धागा म्हणजे कापूसच वाटला.

वात आधी वितळली, मग तडतडली. काळा धूर निघाला आणि ज्योत वरच्या कागदी माळेकडे झेप घेऊ लागली. तुळशीरामांनी फुंकर मारायला गाल फुगवले, तोच आक्का आठवल्या. गाल तसेच राहिले. पाण्याची बादली मोरीत. पण पाठ कशी करायची? शेवटी दिव्याला तोंड देऊन ते उलटे चालत निघाले. मोरी आली. पण बादलीला आधी टाच लागली आणि ती लवंडली.

"आई वज्रेश्वरी! वाचीव! पायी येईन तुझ्या दर्शनाला!"

फळीपलीकडे जुबैदानं ते ऐकलं आणि कणकेच्या हातांनी धावत आली. ओट्यावरची परात उचलून तिनं निरांजनावर पालथी घातली. धूर कोंडला, ज्योत निमाली. तुळशीराम मोरीच्या दारात पाण्यात उभे होते.

केळी घेऊन जानकीबाई आल्या तेव्हा जुबैदानं आधीच हात वर केले. "फुंकर न्हाय मारली हां मी. नुसतं झाकलं."

"म्हंजे दिवा शांत झाला," जानकीबाई हळूच म्हणाल्या आणि डबीतली कापसाची वात काढून त्यांनी नवा दिवा लावला. "तुझे कपडे?"

"सगळे सलामत. पण तुळशीभाईंनी नवस बोललाय. वज्रेश्वरी, पायी."

"तू काय फळीला कान लावून बसलीवतीस?" तुळशीराम उसळले.

"कान कशाला लावायचा? तुमी तं धामणकर नाक्याला ऐकू जाईल असं वरडलात!"

त्या रात्री लूम बंद होते, म्हणून संध्याकाळभर तुळशीराम घरीच वकिली करत होते. "पायी म्हंजे काय, यस्टीतून उतरून देवळात पायीच जातो की माणूस. पायऱ्या का कमी हायत?"

जानकीबाई वाद घालणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी पोथी वाचली, आरती केली, आणि निजण्याआधी भाकरीचं पीठ जरा जास्त काढून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना त्यांनी फडक्यात दोन भाकऱ्या नि कांदा बांधून नवऱ्याच्या हातात दिला.  तुळशीरामांनी मफलर गुंडाळली, देवीला हात जोडले आणि वज्रेश्वरीचा रस्ता धरला.

गाव मागं पडत होतं, तोच पाठीमागून एस.टी. आली. ओळखीचा कंडक्टर दारात लोंबकळत ओरडला, "तुळशीशेठ, वज्रेश्वरी? या की, जागा हाय!"

तुळशीरामांनी मफलर कानांवर ओढून घेतली आणि ते शेताकडे बघत चालू लागले.