भिंतीपुढची रांग

प्रदर्शनाला दालन द्यायला तिसऱ्या कलासंस्थेनेही नकार दिला, तेव्हा तिघा कलाकार मित्रांतल्या थोरलीने ठरवलं, आता दालनच नको. तिने, लंबूने आणि मूर्तिकाराने मिळून टपाल कचेरीशेजारच्या कोऱ्या भिंतीपुढे रांग लावायची. रांग कुठेच जाणार नाही, हीच कलाकृती. संध्याकाळपर्यंत हलायचं नाही आणि कुणाशी बोलायचं नाही, असा पण त्यांनी केला.

सकाळी तिघं भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. थोड्या वेळाने पिशवीवाल्या एक मावशी मागे येऊन थांबल्या. रांग कशाची, म्हणून त्यांनी विचारलं. कुणी ताकास तूर लागू देईना, तेव्हा प्रकरण मोठं आहे हे ओळखून त्यांनी बहिणीलाही बोलावून घेतलं. दुपारी रांग कोपऱ्यावरून वळली. पुढचे म्हणत होते स्वस्तात घरं मिळणार, मागचे म्हणत होते डोळे तपासून मिळणार. लंबू पाणी प्यायला गेला, तर मावशींनी त्याला परत पुढे घेतलं नाही. मूर्तिकार खुणांनी त्याची बाजू मांडायला गेला, त्याचीही जागा गेली.

तेवढ्यात थोरलीचे वडील पत्र टाकायला आले. निवृत्त कारकून, मुलीच्या चित्रांकडे त्यांनी कधी मान वळवून पाहिलं नव्हतं. रांगेत घुसणाऱ्या दोघांना दटावत ते पुढे आले आणि मुलीला पाहून थबकले.

"पहिला नंबर? शाब्बास," ते म्हणाले.

इतक्या वर्षांत प्रथमच मिळालेली शाबासकी खोट्यावर घ्यायची नाही, म्हणून थोरलीने मौनाचा पण मोडला.

"बाबा, पुढे काही नाहीये. ही आमची कला आहे."

वडिलांनी कोपऱ्यापर्यंत नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "हळू बोल. इतकी छान रांग मोडशील."

मग संध्याकाळपर्यंत त्यांनीच रांग सांभाळली. अंधारून आल्यावर आजचं काम संपल्याचं जाहीर केलं. लोक समाधानाने घरी गेले.

दुसऱ्या दिवशी तिघं उजाडताच पोचले, तर रांग आधीच कोपऱ्यापलीकडे गेलेली. भिंतीपाशी वडील खुर्ची टाकून बसले होते. थोरली पुढे सरकली.

"घरचं माणूस म्हणून मध्ये घेतलं तर लोक काय म्हणतील? मागे जा," ते म्हणाले.

मागे जाता जाता लंबूने सुचवलं, की आपण दुसरीकडे नवीन काहीतरी करू. थोरलीने ठामपणे नकारार्थी मान हलवली आणि शेवटच्या माणसामागे पाय रोवून उभी राहिली. काहीही झालं तरी आज तिला नंबर लावायचाच होता.