सवच्या पाण्याचा गुण

विश्रांती ही मनुष्यमात्राची गरज असून ती रविवारीच भासावी, असा सरकारी संकेत आहे. शेतकरी, बायका आणि बैल यांना ती भासत नसल्यामुळे त्यांच्यासाठी वेगळी तजवीज केलेली नाही.

महाडच्या एका कचेरीतले कारकून महिपतराव यांना मात्र ती बुधवारपासूनच भासू लागली होती. त्या आठवड्यात साहेबांनी त्यांचा पीकपाण्याचा एकच अहवाल तीनदा परत फेकला. आधी समास कमी म्हणून, मग समास जास्त म्हणून, आणि समास बरोबर साधला तेव्हा हंगामच उलटून गेला म्हणून. दर खेपेला साहेब विचारीत, "तुम्हांला काही समजतं का?" (या प्रश्नाचं उत्तर द्यायची पद्धत नाही.) शनिवारी महिपतरावांची मान जी आखडली, ती डावीकडे वळेना की उजवीकडे. साहेबांपुढे ती तशीही वळत नसे, नुसती खाली जाई. आता तीही सोय राहिली नाही.

आखडलेल्या मानेला जवळच्या सव गावातल्या गरम पाण्याच्या कुंडासारखा उतारा नाही, हे पंचक्रोशीत सर्वमान्य आहे. रविवारी पहाटे उठून रंगूबाईंनी नवऱ्यासाठी भाकऱ्या थापल्या, पिशवीत पंचा आणि तेलाची बाटली भरली.

"आज कुनाचा काय ऐकू नका. निवांत डुंबा नि मान सोडवून या," त्या म्हणाल्या. मान आखडली की महिपतरावांचं तोंड सुटतं आणि ते सगळं आपल्यावरच येतं, हे त्यांना अनुभवानं ठाऊक होतं.

महिपतराव कुंडावर पोचले, तर तिथं नुसता सावळागोंधळ. ज्याला वाटेल तो, वाटेल तिकडून पाण्यात उतरत होता. गाव कुठलं, दुखणं कुठलं, कुणी विचारीत नव्हतं. नाते गावाहून आलेला एक म्हातारा तर सकाळपासून तसाच बसून होता (आणि आनंदात होता). आजवर इथून एकाही माणसाला परत पाठवलेलं नाही, हे ऐकून महिपतरावांना मनापासून वाईट वाटलं.

पाण्यात पाय घालण्यापूर्वी जरा शिस्त लावावी, म्हणून ते काठावरच्या दगडावर बसले. गुडघे, कंबरा आणि खरूज अशा तीन रांगा केल्या. ज्याला दोन दुखणी, त्यानं दोन्ही रांगांत उभं राहायचं. आश्चर्य म्हणजे लोक उभे राहिले. कोट, टोपी आणि चढा आवाज एके ठिकाणी दिसले की आपल्याकडचा माणूस आपोआप रांगेत जातो. हा गुण पाण्याचा नव्हे, मातीचा.

दुपार कलली तेव्हा भागोजींचा नंबर लागला. पोलादपूरच्या वरच्या वाडीतला हा म्हातारा सात-बाराच्या उताऱ्यासाठी आठवडाभर महिपतरावांच्याच टेबलाशी खेटे घालत होता. "उद्या या" ऐकून ऐकून त्याचे गुडघे सुजले होते.

"रावसाहेब, गुडघं लय ठनकतात. उतरू का पान्यात?"

"कुठला गुडघा?"

"दोनी."

"एका वेळी एकच. दुसरा पुढच्या रविवारी."

"आवो, येक गुडघा भायेर ठेवून बसू कसा?"

"तुम्हांला काही समजतं का?" महिपतराव गरजले.

आणि काय सांगावं, मानेत कट्‌ असं वाजलं. मान डावीकडे वळली, उजवीकडे वळली. आठवडाभराचा शीण एका वाक्यात उतरला. भागोजी मात्र काठी टेकत कोरड्या गुडघ्यांनी पोलादपूरच्या वाटेला लागले. घरी पोचताच, आपल्या बायकोला, ठकूबाईला, काही समजतं का, याची त्यांनी चौकशी केली म्हणतात.

संध्याकाळी महिपतराव शीळ घालीत घरी आले. "सवच्या पाण्याला तोड नाही!" ते म्हणाले.

रंगूबाईंनी पिशवी उघडली. "आवो, पंचा तर कोरडाच हाय! पान्यात उतरलातच नाय?"

"गरज पडली नाही. चहा टाक."

पहाटेपासून उभ्या असलेल्या रंगूबाई पुन्हा चुलीकडे वळल्या. चहात साखर कमी पडली. तोच प्रश्न त्यांनाही विचारण्यात आला, पण हळू आवाजात. मान मोकळी झाली होती ना.

वाचकहो, हसून झालं असेल तर एक विचारतो. हे आपण सुटीच्या दिवशीच वाचत असाल. शेजारी चहाचा कप असेल. तो कुणी आणून ठेवला, हे जरा मान वळवून पाहा.

सहज वळली? म्हणजे आज आपलाही तो प्रश्न कुणाला तरी विचारून झालेला आहे.