याकोबरावांची चिकाटी

एका जंगलात, बाळांनो, प्राण्यांची एक ख्रिस्ती मंडळी होती. चर्च होतं, घंटा होती. पाळकसाहेब म्हणजे गवा. त्यांचा आवाज एवढा दांडगा, की ऐकू आलं नाही असं म्हणायची देवालाही सोय नव्हती.

थंडीचे दिवस होते. एस्तेरबाई साळिंदरीचा नवरा तापाने पडला. वैद्य माकड म्हणाला, "ओढ्यापलीकडची गुळवेल आणा. दर तासाला ताजा काढा द्या. तास चुकला, तर मी काही सांगत नाही."

एस्तेरबाई पाळकांकडे गेली. "साहेब, कुणी ओढ्यापलीकडे जाईल का? त्यांना एकटं टाकून मला निघवत नाही."

"त्याहून मोठं करू," पाळक म्हणाले. "साखळी प्रार्थना ठेवू. सात दिवस, उजाडल्यापासून मावळेपर्यंत. प्रत्येकाने रोज एक तास यायचं."

दारावर यादी लागली. रानडुकराने दुपारचा तास घेतला. ती त्याची झोपेची वेळ होती. फक्त जागा बदलायची होती. एस्तेरबाईला अकराचा तास मिळाला.

पहिला तास याकोबराव घोरपड्यांचा. ते क्रूसाखालच्या भिंतीला चिकटले आणि त्यांनी डोळे मिटले. तास संपला, तरी उतरेनात. पुढची पाळी हरणाची. त्याने शेपूट ओढून पाहिलं.

"राहू दे," पाळक हळूच म्हणाले. "ध्यान लागलंय."

"मग मी थांबून काय करू?" हरीण म्हणालं आणि चरायला गेलं. दुसऱ्या दिवसापासून कुणीच येईना. याकोबराव होतेच की.

एस्तेरबाई मात्र पहिल्या दिवशी अकराला आली होती. तिने डोळे मिटले. "हे प्रभू," म्हणाली, आणि पुढे नवऱ्याचे सुकलेले ओठच दिसायला लागले. ती उठली. ओढा ओलांडून स्वतःच गुळवेल घेऊन आली. मग रोज तेच. काढा ढवळता ढवळता म्हणायची, "प्रभू, यांच्याकडे बघ." त्यापुढे शब्द सुचत नसत.

"मला चार वाक्यं धड जमत नाहीत," ती नवऱ्याला म्हणाली. "असलं तुटक बोलणं देव कशाला ऐकेल?"

"तू म्हण," तो कण्हत म्हणाला. "आमेन मी म्हणतो."

सातव्या दिवशी ताप उतरला. लगेच उपकारस्तुतीची सभा भरली. पाळकांनी याकोबरावांना शाल पांघरली. त्या उबेने त्यांनी एक डोळा उघडला.

"थंडी सरली का?" त्यांनी विचारलं.

"केवढी ही नम्रता," पाळक म्हणाले. मग त्यांनी यादी काढली. फुल्या बहुतेकांच्या नावापुढे होत्या, पण वाचलं एकच नाव. "एस्तेरबाई, तुमच्या नावापुढे सात फुल्या. पहिल्या दिवशीसुद्धा मधूनच उठलात. नवरा तुमचा, आणि चिकाटी मात्र दुसऱ्यांनी दाखवायची?"

"काढा द्यायचा होता, साहेब."

"कारणं सगळ्यांकडेच असतात, बाई."

विश्वासात दुर्बळ झालेल्यांसाठी प्रार्थना करायची वेगळी यादी होती. तिच्यात एस्तेरबाईचं नाव चढलं. ती जबाबदारी याकोबरावांवर सोपवली गेली. तोवर ते पुन्हा भिंतीला चिकटले होते.

तात्पर्य : प्रार्थनेत चिकाटी टिकवायची असेल, तर बाळांनो, ज्याच्यासाठी प्रार्थना करायची त्याच्या घराकडे फिरकू नये. गेलं की हाताला काम लागतं, आणि यादीत फुली पडते.