दातांनी ऐकणारे मेश्राम भाऊ

मेश्राम भाऊंना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते दातांत पितळेची सळई धरून रिअॅक्टरला भिडले होते. माणसाला विजेचा झटका बसलाय असं वाटून मी किंचाळले. त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

भद्रावतीजवळच्या आमच्या कारखान्यात तेलाचं वनस्पती तूप बनतं. रिअॅक्टर म्हणजे त्याची बंद टाकी; तिच्यातल्या गरम तेलात निकेलची भुकटी असते आणि तळातून हायड्रोजनचे बुडबुडे सोडतात. भाऊंचा जीव त्या बुडबुड्यांत. "मोठा बुडबुडा म्हणजे घाईचा पाहुणा, मॅडम. आला न् गेला, तेलाले काई देत नाई. लहान बुडबुडा घरचा. रेंगाळते, भुकटीले बी उचलून धरते." वर पालुपद, "समोर येऊन बोला." मला तो उद्धटपणा वाटायचा.

एकदा सगळे मीटर ठीक असताना ते म्हणाले, "बुडबुडे मोठे झाले. भुकटी खाली बसून राह्यली." मी इंजिनियर, हसले. बॅच नासली. रिअॅक्टर उघडला तर तळाशी भुकटीचा थर, गॅसची अर्धी भोकं बुजलेली. त्या दिवसापासून मी मीटरच्या आधी भाऊंना विचारू लागले.

पोंभुर्ण्याच्या एका लग्नात त्यांनी चुलीवरच्या वरणाच्या गंजात झारा घालून दांडा दातांत धरला. वधूकडची मंडळी हबकली. "बुडाले लागून राह्यलं!" भाऊ ओरडले. लागलंच होतं, तरी आचारी झारा घेऊन त्यांच्या मागे धावला.

कारखान्यातल्या कानतपासणीच्या दिवशी भाऊंना दरवर्षी हमखास ताप यायचा. यंदा तपासणीची गाडी न सांगता आली आणि ते सापडले. अहवाल माझ्याकडे आला. दोन्ही कान जवळजवळ निकामी! धोक्याचा भोंगा ऐकू न येणारा माणूस मी हायड्रोजनपाशी उभा केला होता! त्यांना तिथून हलवायच्या कागदावर माझी सही हवी होती. तो घेऊन मी संतापानं त्यांच्या घरी गेले.

"लहानपणी कान वाह्यचे," माझ्या ओठांकडे पाहत ते म्हणाले. "दाताच्या, कपाळाच्या हाडातून तेवढा आवाज येते. चुकलंच माह्यं. करा सही. पण रिअॅक्टर गेला तं मी आयकू तरी काय?"

तेवढ्यात चार वर्षांची नात धावत आली. खाटेवर चढून तिनं त्यांच्या कपाळाला कपाळ घट्ट टेकवलं आणि अंगणवाडीतलं भांडण मोठ्यानं सांगू लागली. भाऊ डोळे मिटून हसत होते.

हिला हे कोणी शिकवलं, असं मी भाऊंच्या सुनेला विचारलं.

"कोणीच नाई," ती म्हणाली. "बोलाले लागली तवापासून असंच करते. तिले वाटते, सगळेच आपल्या आज्याशी असंच बोलतात."

सही करणं भागच होतं. मी तिथंच केली आणि बाहेर येऊन रडले.